घडीव लोखंड : तोलाचे आणि मोलाचे

आमचा धंदा कापडाचा. भिवंडीत ग्रे कापडाची आमची पेढी आहे आणि लोखंडाशी आमचा संबंध म्हणजे गोदामाचे शटर, एवढाच. तेव्हा लोखंडावर आम्ही लेख लिहावा हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण मनुष्य ज्या मालात फसतो त्याचीच माहिती पुढे तो सर्वांत जास्त काढतो, आणि आम्ही लोखंडात फसलो आहोत. फसवणारा दुसरा कोणी होता असेही नाही. अर्धे अधिक आमचे आम्हीच फसलो.

श्रीवर्धन तालुक्यात खाडीच्या काठी आमचे वडिलोपार्जित घर आहे. जांभ्या दगडाचे, पुढे ओटा, वर माडी. त्याच्या खिडक्यांना चौरस गज होते. आडव्या पट्टीला भोके पाडून त्यांतून उभे गज ओवलेले, वरच्या टोकाला साधा पीळ. आमच्या पणजोबांच्या वेळचे काम. 2009 साली घराची दुरुस्ती काढली तेव्हा नव्या पिढीला ते गज जुनाट वाटले, आम्हालाही वाटले. आठ खिडक्यांचे गज काढून भंगारवाल्याला तोलून दिले. सुमारे दोनशे किलो भरले. त्यांच्या जागी शहरातल्या एका वर्कशॉपमधून 'रॉट आयर्न'च्या नावाने नक्षीदार ग्रिल आणून बसवल्या. वेलबुट्टी, पाने, भाल्याची टोके, काळ्या रंगावर सोनेरी हात. पाहुण्यांनी वाहवा केली.

खाडीचा खारा वारा आणि कोकणचा पाऊस कोणाची भीड ठेवीत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात प्रत्येक जोडावरून तांबडे ओघळ भिंतीवर उतरू लागले. आठव्या वर्षी एक पान हातात आले. नंतर कळले की चौकट पाईपची होती आणि आतून गंजून तिचा कागद झाला होता. धान्याच्या खोलीची एक खिडकी मात्र त्या दुरुस्तीत राहून गेली होती. तिचे गज काळे पडले होते, वर खरपुडी धरली होती, पण हलवून हलत नव्हते.

ती खिडकी काढून आम्ही तालुक्याच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या लोहाराकडे नेली. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. एका गजाचे दगडात गाडलेले टोक झिजले होते. चाचांनी तेथे छन्नीने निम्म्यापर्यंत खाच मारली, गज व्हाइसमध्ये धरला आणि हातोड्याने वाकवला. तो कट्कन तुटला नाही. ओला बांबू चिरावा तसा चिरत गेला आणि तुटल्या जागी सुंभासारखे तंतू उभे राहिले. चाचा म्हणाले, "शेठ, तुम्ही कापडवाले. हा ताणा बघा. तुम्ही ताण्याचा माल किलोने विकलात आणि चिंधी गजाने घेतलीत." त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. जे कळले ते आमच्या कारागीर आणि दुकानदार बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहोत.

बाजारात लोखंड या एका नावाखाली निदान तीन वेगळे माल आहेत. पहिले बीड, म्हणजे ओतीव लोखंड. यात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो. ते वितळवून साच्यात ओततात. दाबाला फार मजबूत, पण घणाचा घाव बसला की फुटते. जुन्या मुंबईतले नक्षीदार खांब, जिन्याचे कठडे, कारंजी यांतले पुष्कळसे काम बिडाचे आहे. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, हिचा बिडाचा सांगाडा तर 1860च्या दशकात विलायतेहून सुटे भाग करून जहाजाने आणला होता. लोक त्यालाही घडीव म्हणतात. ते बरोबर नाही.

दुसरे घडीव लोखंड, इंग्रजीत 'रॉट आयर्न'. 'रॉट' हे 'वर्क' या क्रियापदाचेच जुने रूप आहे, अर्थ 'काम करून घडवलेले'. यात कार्बन अगदी नावापुरता, साधारण 0.1 टक्क्याहून कमी. पण त्याच्या अंगात भट्टीतल्या काचेसारख्या मळीचे बारीक धागे लांबीच्या दिशेने पसरलेले असतात. आम्ही पाहिलेला ताणा तो हाच. या धाग्यांमुळे ते लाकडासारखे लांबीत बळकट असते. तापवून लाल केले की मेणासारखे वळते. पांढऱ्या तावावर दोन तुकडे एकावर एक ठेवून घण घातला की एकजीव होतात, वेल्डिंगची कांडी लागत नाही. कुरआन शरीफमध्ये लोखंडाच्या नावाने 'अल-हदीद' ही सूरह आहे आणि हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी लोखंड नरम केल्याचा उल्लेखही आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. लोखंड नरम होणे म्हणजे काय, ते समजून घ्यायचे तर भात्याच्या समोर घटकाभर उभे राहावे.

तिसरे पोलाद. मराठीतला हा शब्द फारसी 'पोलाद'वरून आला. आम्ही उर्दू शाळेत त्यालाच 'फौलाद' म्हणून शिकलो. आज सळई, पट्टी, अँगल, पाईप या नावाने जे काही मिळते ते सगळे नरम जातीचे पोलाद आहे, ज्याला बाजार 'एम. एस.' म्हणतो. ते वितळवूनच तयार होते, म्हणून त्यात मळीचे धागे नसतात. सर्व दिशांना सारखेच, पॉवरलूमच्या कापडासारखे एकसुरी. वाईट मुळीच नाही. पण वेगळे आहे.

वाटेल त्याने ओळखावे असे दोन उपाय आहेत. एक तर चाचांनी केला तो, खाच मारून वाकवण्याचा. घडीव असेल तर तंतू दिसतील, एम. एस. वाकेल आणि शेवटी साफ तुटेल, बीड वाकायच्या आधीच फुटेल. दुसरा उपाय ग्राइंडरचा. घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, गव्हाच्या काडीच्या रंगाच्या जातात आणि टोकाला फारशा फुटत नाहीत. एम. एस.च्या ठिणग्यांना टोकाशी बारीक फाटे येतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि तांबूस. पहिल्याच दिवशी हे जमत नाही. नमुन्याचे तीन तुकडे दुकानात ठेवून आठवडाभर नजर बसवावी लागते.

हा घडीव माल पूर्वी होत असे कसा? लोहखनिज आणि लाकडी कोळसा मातीच्या भट्टीत घालून भात्याने वारा देत. लोखंड शुद्ध वितळायला 1,538 अंश सेल्सियस उष्णता लागते. तेवढी त्या भट्टीत होत नसे. म्हणून खाली स्पंजासारखा गोळा जमे. तो गरम असतानाच ठोकून ठोकून मळी बाहेर काढायची. जी राहील ती धागे होऊन राहील. या रीतीने काय होऊ शकते त्याचा दाखला दिल्लीत कुतुबमिनाराच्या आवारात, कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या अंगणात उभा आहे. गुप्त काळातला तो लोहस्तंभ सुमारे 7 मीटर उंच, वजन 6 टनांवर, आणि सोळाशे वर्षे झाली तरी गंजून गेला नाही. कानपूर आयआयटीचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला होता. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक रक्षक थर तयार झाला, असे त्यांनी दाखवले. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला होतीच. आमच्या खाडीकाठी तो उभा असता तर काय झाले असते, कोण जाणे! विजापूरला उपली बुरुजावर आदिलशाहीच्या काळातली तीस फुटांहून लांब तोफ आहे. तीही ओतलेली नाही. लांब लोखंडी पट्ट्या एकत्र बांधून त्यांवर तापलेल्या कड्या चढवून केलेली आहे. पिंपाला कडी बसवतात तशी.

आणि दूर कशाला जावे? आपल्याच सह्याद्रीत, महाबळेश्वरच्या पठारावर, जांभ्या जमिनीतल्या खनिजापासून लोखंड गाळणारे कारागीर होते. त्यांना धावड म्हणत आणि ते मुसलमान होते. इंग्रजी अमदानीतल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरात त्यांची नोंद आहे. पुढे जंगलावर सरकारी निर्बंध आले, कोळसा महागला, आणि बंदरावर विलायती लोखंड स्वस्त उतरू लागले. धावडांच्या भट्ट्या विझल्या. मँचेस्टरच्या कापडाने विणकरांचे काय केले हे आपल्या पानावर कितीतरी वेळा आले आहे. लोखंडाचीही तीच कहाणी आहे, पण ती सांगणारे कोणी उरले नाही. आमच्या घरचे गज धावडांच्या लोखंडाचे की जहाजातून आलेले, हे आता सांगता येणार नाही. ठोकणारा हात मात्र इथलाच होता.

विलायतेतही हा माल टिकला नाही. 1784 साली हेन्री कॉर्ट याने भट्टीत लोखंड ढवळून घडीव माल काढण्याची रीत पेटंट केली आणि शंभर वर्षे तिने राज्य केले. पॅरिसचा आयफेल मनोरा 1889 साली पुरा झाला, तो सुमारे 7,300 टन अशाच लोखंडाचा आहे. पण 1856 साली बेसेमरने स्वस्त पोलादाची युक्ती काढली होती. हळूहळू पोलादाने सगळे गिळले. आपल्याकडे साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, टाटांच्या कारखान्यातून 1912 साली पोलाद निघू लागले. इंग्लंडमध्ये बोल्टन गावचा घडीव लोखंडाचा शेवटचा कारखाना 1973 साली बंद पडला. त्यानंतर खरे घडीव लोखंड व्यापारी प्रमाणावर कोठे होत नाही. ब्रिटनमध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी जुने साखळदंड आणि सळया गोळा करून तेच पुन्हा तापवून लाटतात आणि चांगल्या भावाने विकतात. म्हणजे जो माल आम्ही भंगारात दिला तो तेथे कच्चा माल म्हणून जपला जातो.

याचा अर्थ उघड आहे. आज दुकानावर 'रॉट आयर्न' अशी पाटी असली तरी आतला माल एम. एस. आहे. दुकानदाराने तसे गिऱ्हाइकाला सांगावे. सांगितल्याने धंदा बुडत नाही. टेरिकॉटला सुती म्हणून विकणाऱ्याचे दुकान आम्ही बसलेले पाहिले आहे. टेरिकॉट म्हणून विकणाऱ्याचे चालले. एम. एस.चीही दोन प्रकारची कामे असतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एका प्रकारात सळई भट्टीत घालून, ऐरणीवर ठोकून आकार देतात. दुसऱ्यात मशीनवर थंडच वाकवलेली वेल आणि साच्यातली पाने तयार विकत आणून चार टाके मारून चिकटवतात. पहिले काम घडीवच म्हणावे, भले माल पोलादाचा असो. दुसरे म्हणजे तयार बुट्टी चिकटवलेली साडी.

गिऱ्हाइकाने काय पाहावे? चाचांनी आम्हाला शिकवले तेच सांगतो. उभा गज आडव्या पट्टीतून जातो तेथे पट्टी किंचित फुगलेली आहे काय, ते पाहा. तापवून भोक पाडले की लोखंड कापले जात नाही, बाजूला सरते, म्हणून फुगते. ड्रिलने पाडले तर पट्टी सपाट राहते आणि तेवढी कमजोर होते. वेलीचे टोक बोटाने चाचपावे. हाताचे काम असेल तर ते निमुळते होत जाते आणि शेवटी बी किंवा मासोळीच्या शेपटीसारखे संपते. मशीनचे टोक कात्रीने कापल्यासारखे असते. दोन वेली जेथे भिडतात तेथे रिपीट आहे, कडीने आवळलेले आहे, की नुसता वेल्डिंगचा टाका? वेल्डिंग असेल तर सांध्याभोवती पूर्ण फिरले पाहिजे. अर्धवट टाक्याच्या फटीत पाणी राहते आणि गंज तेथूनच सुरू होतो. आमचे पान तेथूनच गळाले. आणि शेवटी दोन वेली एकमेकींशी ताडून पाहाव्यात. हाताच्या दोन वेली तंतोतंत सारख्या नसतात. आम्ही पूर्वी याला खोट समजत होतो.

पाईपबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. 20 मिलिमीटरची भरीव चौरस सळई मीटरला 3 किलोच्या थोडी वर भरते. त्याच मापाचा 1.2 मिलिमीटर जाडीचा चौरस पाईप मीटरला 700 ग्रॅमच्या आसपास. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. हिशेब करायचा तर भरीव चौरस सळईची बाजू मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि 127 ने भागा. मीटरचे वजन किलोत येते. गोल सळईला कारागीर 162 ने भागतात, तसेच हे. आतल्या खोलीतल्या टेबलाला, पडद्याच्या दांडीला पाईप चालेल. समुद्राकाठच्या गॅलरीला चालणार नाही. आमची जुनी खिडकी टिकली त्याचे सगळे श्रेय लोखंडाच्या जातीला नाही. ती भरीव होती, जाड होती आणि तिच्यात पाणी साचेल अशी फट नव्हती. हे तिन्ही गुण आजच्या एम. एस.मध्येही आणता येतात.

असे असूनही, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि स्टेनलेस स्टीलचे चकचकीत कठडे सगळीकडे झाले असताना, लोकांचे मन पुन्हा या काळ्या लोखंडाकडे का जाते? आमच्या मते एक कारण असे की ते घर बंद करते पण कोंडत नाही. वारा येतो, उजेड येतो, आणि दुपारी फरशीवर त्याच्या वेलींची सावली पडते ती फुकटात मिळणारी नक्षी असते. पणजीच्या फोंतेन्हास भागात पोर्तुगीज वळणाच्या घरांना लोखंडी कठड्यांचे छोटे सज्जे आहेत. ते पाहायला माणसे लांबून येतात. स्पेनमध्ये कुर्तुबा आणि इश्बीलिया, म्हणजे आजचे कॉर्डोबा आणि सेव्हिल, तेथे रस्त्याकडच्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या आहेत आणि त्यांवर फुलांच्या कुंड्या. ट्युनिशियातल्या सिदी बू सईद गावात पांढऱ्या भिंतींवर निळ्या रंगाच्या, पुढे पोट काढलेल्या जाळ्या आहेत. ती निळी जाळी आता त्या गावाची ओळखच झाली आहे.

दुसरे कारण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. ही वस्तू उघडता येते. रिपीट कापा, कडी सोडवा, वाकलेला गज तावून सरळ करा, पुन्हा बसवा. प्लॅस्टिकची खुर्ची मोडली की कचरा. पाईपची ग्रिल गंजली की भंगार. घडीव काम तीन पिढ्या वापरून चौथीला दुरुस्त करता येते. दाराची कडी-कोयंडा, झोपाळ्याच्या साखळ्या, विहिरीच्या रहाटाचा आस, स्वयंपाकघरातली विळी आणि कढई, या सगळ्यांचा हाच गुण. (विळी-कोयत्याला मात्र धार धरणारे पोलाद लागते, म्हणून गावाकडचे लोहार ट्रकचा कमानीपाटा शोधत असतात.)

निगा राखण्याचे शास्त्र सोपे आहे, पण आळस नको. आयफेल मनोराही साधारण सात-सात वर्षांनी रंगवतात, मग आपल्या ग्रिलने का सुटावे? आधी सैल गंज तारेच्या ब्रशने काढावा, लोखंड कोरडे करावे, गंजरोधक प्रायमरचे दोन हात द्यावेत, मग रंग. कोकणात हे काम पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये करावे. सांध्यांवर ब्रश दाबून भरावा. सपाट भाग कोणीही रंगवतो. जुने लोक शेंदूर जवसाच्या तेलात कालवून पहिला हात देत. तो फार टिके, पण शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. ते विषारी आहे, विशेषतः मुलांना. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीचा रंग खरवडताना धूळ उडवू नये. पृष्ठभाग ओला करून खरवडावा, तोंडाला चांगला मास्क बांधावा, मुलांना दूर ठेवावे. आमच्या रंगारी बांधवांनी हे स्वतःसाठी लक्षात ठेवावे, कारण गिऱ्हाईक एक दिवस ती धूळ खाते, ते रोज खातात.

समुद्राकाठी रंगापेक्षा जस्ताचा मुलामा चांगला. वस्तू सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, त्यावर रंग देतात. मात्र त्यात पाईप असेल तर हवा जायला भोके ठेवलीच पाहिजेत. बंद पाईप त्या कढईत स्फोटासारखा फुटू शकतो आणि माणसे भाजतात. घरातल्या वस्तूंना, दिवाणखान्यातल्या दिवट्यांना वगैरे, लोहाराची जुनी रीतच शोभते. लोखंड गरम असताना जवसाचे तेल किंवा मेण चोळायचे. त्याने येणारा काळा रंग डब्यातल्या कुठल्याही रंगाला येत नाही. पावडर कोटिंग दिसायला सुंदर, पण एकदा ओरखडा पडला की पाणी खालून सरकत जाते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

आता धंद्याचे बोलू. आपल्या फॅब्रिकेशनवाल्या बांधवांचा सगळा व्यवहार किलोवर चालतो. ग्रिल किती किलो भरली, गुणिले भाव. समजा चार फूट बाय चार फुटांची खिडकी आहे, 12 मिलिमीटरचे चौरस गज चार-चार इंचांवर, भोवती आणि मध्ये 25 बाय 6ची पट्टी. ती सुमारे 24 किलो भरेल. एका कारागिराने ती वेल्डिंगने अर्ध्या दिवसात उभी केली आणि दुसऱ्याने प्रत्येक भोक तावावर पाडून, प्रत्येक टोक ऐरणीवर निमुळते करून दोन-तीन दिवस लावले, तरी वजन 24 किलोच. किलोच्या भावात दोघांचे पैसे सारखे. मग ज्याला घडवता येते तोही घडवणे सोडतो. उलट टोक निमुळते करताना लोखंड लांबते, म्हणजे तेवढ्याच लांबीला माल कमी लागतो आणि बिल कमी होते! जास्त हुन्नर, कमी पैसे. असल्या हिशेबात कुठला कारागीर आपल्या मुलाला भात्याशी बसवील?

सोनाराकडे पाहा. तो सोन्याचा भाव वेगळा लावतो आणि घडणावळ वेगळी. गिऱ्हाईक घासाघीस करते, पण घडणावळ लावूच नको असे म्हणत नाही. पैठणीवाला रेशमाचे वजन करून साडी विकत नाही. मग लोहाराने घडणावळ का लावू नये? बिलावर तीन ओळी लिहाव्यात : माल अमुक किलो, घडणावळ अमुक, रंग किंवा मुलामा अमुक. पहिल्या चार गिऱ्हाइकांत दोघे उठून जातील. आमच्या पेढीवरही हातमागाचा भाव ऐकून लोक उठून जात. जे राहिले ते वर्षानुवर्षे राहिले, आणि त्यांनीच दुसरे आणले. सोबत दुकानात एक नमुन्याची खिडकी लावून ठेवावी, अर्धी टाक्याची आणि अर्धी घडीव. बोलण्यापेक्षा ती जास्त विकेल.

ज्यांच्याकडे भाता आणि ऐरण अजून आहे त्यांच्यासाठी एक माहिती. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. तिच्यातल्या 18 कारागिरींत लोहारकाम आहे. नियमांप्रमाणे अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने, तारण न घेता, पहिले 1 लाखाचे व ते फेडल्यावर 2 लाखांचे कर्ज, अशी तरतूद आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि नोंदणी जवळच्या सीएससी केंद्रावर होते. कागदपत्रांचा कंटाळा करून आपली माणसे अशा गोष्टी सोडून देतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

आणि जुने घर पाडणाऱ्यांना एक विनंती. गज, कडी-कोयंडे, साखळ्या भंगारात देण्यापूर्वी एखाद्या लोहाराला दाखवा. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या घरांचे लाकूड आणि लोखंड विकून पिढ्या पोसल्या गेल्या आहेत. तेथील व्यापारी तोलून घेतो पण तोलून विकत नाही.

आमची ती वाचलेली खिडकी चाचांनी पुन्हा उभी केली. झिजलेल्या गजाला त्यांच्याकडच्या जुन्या साखळीचा तुकडा पांढऱ्या तावावर जोडला. टाकणखार शिंपडला, तीन घाव घातले आणि सांधा कोठे आहे ते आम्हाला सापडेना. बिल मागितले तर त्यांनी सवयीने काटा पुढे ओढला. आम्ही म्हटले, चाचा, काटा राहू द्या, मेहनतीचे सांगा. ते बराच वेळ गप्प बसले. आयुष्यात कोणी तसे विचारले नव्हते, त्यामुळे आकडा त्यांच्या तोंडी येईना. शेवटी दोन दिवसांची मजुरी म्हणून त्यांनी सांगितली ती रक्कम आमच्या त्या नक्षीदार ग्रिलच्या एका खिडकीच्या निम्मीही नव्हती. आम्ही ती दुप्पट करून दिली आणि बिलावर 'घडणावळ' असे लिहून घेतले. खिडकी आता भिवंडीच्या घरी लागली आहे. तंतू निघालेला तो तुटका तुकडा पेढीवर वह्यांवर दाब म्हणून ठेवला आहे. येणारे विणकर तो उचलून पाहतात आणि ताणा मोजू लागतात.